चाकं जिथे थांबतात: प्रवासाप्रमाणे बॅग कशी निवडावी

दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच बॅगा छान पळतात. दादरच्या पुलावर, एसटी स्टँडच्या खडीत, कोकणातल्या जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेवर, चाकांचा काही उपयोग नसतो, तिथे बॅग उचलावीच लागते. त्यामुळे बॅग घेताना ‘किती दिवसांचा प्रवास’ हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा, की घराच्या दारापासून मुक्कामाच्या खोलीपर्यंत चाकं कुठे कुठे चालणार नाहीत आणि तिथे बॅग उचलणार कोण.

हे कागदावर लिहून काढायला पाच मिनिटं लागतात. समजा ठाण्याहून रत्नागिरीजवळच्या गावी जायचंय. लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन जिने, रिक्षा, स्टेशनचा पूल, डब्याच्या उभ्या पायऱ्या, उतरल्यावर एसटी आणि शेवटी घरापर्यंतची पाखाडी. या वाटेवर मोठी चार चाकी ट्रॉली म्हणजे चाकं लावलेलं ओझं. पुण्यात लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्या कुणाला विमानाने बंगळुरूला जायचं असेल, तर सगळी वाट फरशीची. तिथे तीच ट्रॉली सोयीची. दोन्हीकडे दिवस चारच, कपडेही तेवढेच, पण बॅग वेगळी.

भरलेली बॅग एका हातात घेऊन शंभर पावलं न थांबता चालता आलं पाहिजे आणि एक जिना चढता आला पाहिजे. ज्याला उचलायची आहे त्यानेच हे करून बघावं. घरातल्या धडधाकट मुलाने करून दाखवून उपयोग नाही, कारण आजी एकटीच नाशिकला उतरणार असतात. बहुतेकांना ही मर्यादा दहा-बारा किलोवरच लागते. सामान त्याहून जास्त असेल, तर एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान बऱ्या.

माप: आधी टेप, मग लिटर

बाजारात ट्रॉली बॅगा ढोबळमानाने तीन मापांत येतात. ५५ सें.मी.ची केबिन बॅग, ३५ ते ४० लिटरची. ६५ ते ६९ सें.मी.ची मध्यम, ६० ते ७५ लिटरची. आणि ७५ ते ७९ सें.मी.ची मोठी, साधारण ९५ लिटरपासून पुढे. लेबलवरची उंची काही कंपन्या चाकांसकट देतात, काही नुसत्या खोक्याची देतात. विमानतळावर मात्र चाकं, हँडल, बाहेरचा फुगलेला खिसा सगळं धरून मोजतात. म्हणून दुकानात जाताना शिवणकामाची टेप खिशात ठेवा आणि जमिनीपासून वरच्या हँडलपर्यंत स्वतः मोजा. चार चाकी बॅगेची चाकं खाली चार-पाच सें.मी. बाहेर आलेली असतात. ‘५५’ लिहिलेली बॅग ५९-६० भरते ती इथेच.

देशातल्या विमानांत हातातल्या बॅगेला सहसा ७ किलो आणि लांबी, रुंदी, जाडी मिळून ११५ सें.मी. अशी मर्यादा असते. एकेका बाजूचं माप कंपनीगणिक थोडं बदलतं. कुठे ५५ × ३५ × २५, कुठे ५५ × ४० × २०. दोन्हीकडे चालणारी बॅग हवी असेल तर ५५ × ३५ × २० च्या आतली घ्या. आता ७ किलोचा हिशोब मांडून बघा. हार्ड केबिन ट्रॉली रिकामीच अडीच ते तीन किलोची. लॅपटॉप आणि चार्जर दोन किलो. कपड्यांना उरले जेमतेम दोन-अडीच किलो, म्हणजे एक जीन्स, तीन शर्ट आणि आतले कपडे. एक किलोची पाठीवरची सॅक घेतली तर हेच चार किलो होतात. लॅपटॉप घेऊन दोन रात्रींसाठी कामाला जाणाऱ्याला ट्रॉलीपेक्षा सॅक परवडते ती यामुळे. पाठ किंवा खांदा दुखत असेल तर गोष्ट वेगळी.

चेक-इनला, म्हणजे काउंटरवर सोपवायच्या सामानाला, देशांतर्गत बहुतेक तिकिटांवर १५ किलो मिळतात आणि त्यांना मध्यम बॅग नेमकी पुरते. मोठी बॅग घेतली की रिकामी जागा बघवत नाही, माणूस ती भरतो आणि काउंटरवर जादा किलोचे पैसे मोजतो. अमेरिकेच्या प्रवासात साधारणपणे २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. तिथे ७५ सें.मी.च्या आसपासची मोठी बॅग योग्य. पण लांबी, रुंदी, जाडी मिळून १५८ सें.मी.च्या आत असली पाहिजे. ७५ × ५० × ३० ची बेरीज १५५ होते, बसते. ७९ × ५४ × ३३ ची १६६ होते, म्हणजे नियमाबाहेर. ‘इंटरनॅशनल साइज’ असं लेबल लावून विकल्या जाणाऱ्या काही बॅगा या बेरजेत नापास होतात. आखाती देशांच्या तिकिटांवर अनेकदा नगांऐवजी एकूण किलो दिलेले असतात. तरी कोणताही एक नग ३२ किलोवर जाता कामा नये. तो उचलणाऱ्या माणसांच्या पाठीसाठी घातलेली ही मर्यादा आहे, पैसे भरूनही सहसा सुटत नाही.

वजनासाठी हुकाचा छोटा डिजिटल काटा घ्या. नसेल तर बाथरूममधल्या काट्यावर आधी बॅग घेऊन उभं राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. या पद्धतीत अर्धा किलो इकडेतिकडे होतो, तेवढी जागा सोडा. आणि हवा काढून कपडे चपटे करणाऱ्या पिशव्या जपून वापरा. त्यांनी जागा वाचते, वजन तेवढंच राहतं. बॅग अर्धी रिकामी दिसते, माणूस आणखी भरतो, आणि काटा २७ दाखवतो.

हार्ड की सॉफ्ट

हा वाद रंगावर आणि चकाकीवर सुटत नाही. बॅग उघडायची कुठे आणि तिच्यावर काय पडणार, यावर सुटतो.

हार्ड बॅग मधोमध उघडते, दोन्ही बाजू जमिनीवर पसरतात. त्यामुळे ती उघडायला तिच्या दुप्पट जागा लागते. लॉजच्या खोलीत पलंग आणि भिंत यांच्यामध्ये, रेल्वेच्या डब्यात दोन बर्थच्या मधल्या जागेत ती पूर्ण उघडतच नाही. सॉफ्ट बॅग जुन्या ट्रंकेसारखी वरून उघडते, बाहेर खिसे असतात, एक स्वेटर काढायला सगळा संसार मांडावा लागत नाही. उलट काचेचा डबा, पूजेची उपकरणी, बरणी असं काही न्यायचं असेल, किंवा बॅग विमानाच्या पोटात दहा बॅगांखाली जाणार असेल, तर हार्ड चांगली.

हार्डमध्येही प्लॅस्टिकच्या तीन जाती आहेत. एबीएस स्वस्त आणि वरून कडक. वाकत नाही म्हणून ते मजबूत वाटतं, पण धक्का बसला की कोपऱ्यात तडा जातो, आणि तडा गेलेलं कवच दुरुस्त होत नाही. पॉलिकार्बोनेट दाबलं तर आत जातं आणि परत बाहेर येतं. चेक-इनसाठी हे बरं, कारण धक्का पचवायचा तर थोडं वाकावं लागतं. पॉलिप्रॉपिलीन हलकं आणि चिवट असतं. या बॅगा बऱ्याचदा साच्यात थेट ओतून केलेल्या असतात, काहींना चेनऐवजी रबरी पट्टी आणि खटके असतात. खटक्याची बॅग पावसाला उत्तम, पण ती फुगत नाही. बसलं तेवढं सामान. लेबलवर ‘पीसी + एबीएस’ लिहिलेलं असेल तर खूश होऊ नका. पुष्कळदा एबीएसवर पॉलिकार्बोनेटचा पातळ थर असतो आणि प्रमाण कुठेच लिहिलेलं नसतं. ॲल्युमिनियमच्या बॅगा देखण्या असतात, पण जड. आणि पोचा आला की आलाच.

कापडी बॅगेवर ६००, १२००, १६८० असे डेनियरचे आकडे असतात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तेवढा धागा जाड. हातातल्या बॅगेला ६०० चालतं, चेक-इनला किंवा बसच्या डिकीत टाकायला १२०० च्या पुढचं बघा. पण विणच विरळ असेल तर जाड धागाही फाटतो. कापड उजेडासमोर धरा. आरपार ठिपके दिसले तर बॅग खाली ठेवा.

कापडी बॅग पावसात भिजते, यात तिचा दोष नाही. जून ते सप्टेंबर मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या गाड्या विमानाशेजारी पावसात उभ्या राहू शकतात, आणि पाणी कापडापेक्षा चेनमधून आणि शिलाईतून जास्त आत शिरतं. उपाय स्वस्त आहे. बॅगेच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी कचऱ्याची पिशवी पसरा, कपडे तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा. बाहेरून घालायचं कव्हर धुळीला चांगलं, पाण्याला अपुरं.

चेन, चाकं, हँडल

बॅग मोडते ती सहसा कवचात नाही, या तीन ठिकाणी.

चेनवर ५, ८, १० असे क्रमांक असतात. बंद केलेल्या दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. मोठ्या बॅगेच्या मुख्य चेनला ८ किंवा १० हवा. ५ नंबरची चेन बाहेरच्या खिशाला ठीक. चेन बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कोंबून भरलेली बॅग गुडघ्याने दाबून ओढणं. त्याने रनरची दोन पाती फाकतात, मग रनर पुढे जातो आणि मागे चेन उघडी राहते. हा बिघाड चेनवाला रनर बदलून काही मिनिटांत दुरुस्त करतो, अख्खी चेन बदलायला तयार होऊ नका. दात तुटले असतील तरच चेन बदलावी लागते.

आणखी एक गोष्ट माहीत असावी. वेटोळ्यासारख्या दातांच्या साध्या चेनमध्ये बॉलपेनचं टोक खुपसलं की ती मधूनच उघडते, आणि कुलपासकट रनर फिरवला की परत बंद होते. कुलूप जसंच्या तसं. म्हणून दागिने, रोख, पासपोर्ट, औषधं चेक-इनला देऊच नयेत. दोन थरांच्या दातांची चेन किंवा खटक्याची बॅग या युक्तीला बऱ्यापैकी टिकते.

चाकं दोन की चार? चार चाकी बॅग बाजूने ढकलता येते, मनगटावर भार येत नाही. विमानतळ, मॉल, मेट्रो, गुडघेदुखी असेल तर हीच. पण तिची चाकं बाहेर लोंबतात, पहिला फटका त्यांनाच बसतो, आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत ती अडकतात. गाडीने वळण घेतलं की डब्यात ती स्वतःच फिरायला निघते, आडवी पाडूनच ठेवावी लागते. दोन चाकी बॅगेची चाकं मोठी, निम्मी आत बसलेली, तिरकी ओढायची असते. खडबडीत रस्त्यावर, फलाटावर ती दणकट. वारंवार एसटी आणि रेल्वेने फिरणाऱ्याने दुकानदाराने नाक मुरडलं तरी दोन चाकी मागून बघावी. हल्ली शोधावी लागते.

चाक कशाने लावलंय ते बघा. आतून अस्तराची चेन उघडून स्क्रू दिसत असतील तर चाक बदलता येतं. रिपिट मारलेलं असेल तर ते ड्रिलने काढावं लागतं, आणि अस्तर शिवून टाकलेलं असेल तर आधी तेही उसवावं लागतं. व्हीआयपी आणि सॅमसोनाइट या दोन्ही कंपन्यांचे कारखाने नाशिक परिसरात आहेत, आणि अशा मोठ्या कंपन्यांच्या बॅगांचे सुटे भाग त्यांच्या सेवा केंद्रात मागवून मिळू शकतात. नाव नसलेल्या बॅगेचं चाक मिळतं-जुळतं शोधावं लागतं, आणि अर्धा सेंटिमीटर फरक पडला तरी बॅग लंगडते.

हँडल पूर्ण ओढून डावी-उजवीकडे हलवा. थोडं ढिलं असणं चालतं, अगदी घट्ट असेल तर ते वाकण्याऐवजी तुटतं. पण खडखड नको. उंच माणसाने हँडल पकडून चालून बघावं. टाचेला बॅग लागत असेल तर ते हँडल आखूड आहे. वरचं आणि बाजूचं उचलायचं हँडल याहून महत्त्वाचं, कारण पुलावर तेच कामाला येतं. कापडी पट्टी नुसती शिवलेली असेल तर ती उसवणार. शिलाईखाली पट्टी किंवा स्क्रू हवा.

रेल्वे आणि एसटी

रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो, टू एसीला ५० किलो सामान मोफत नेता येतं. वजनाची अडचण क्वचितच येते, येते ती जाडीची. ट्रंक, सूटकेससाठी १०० × ६० × २५ सें.मी. अशी मर्यादा आहे, थ्री एसी आणि चेअर कारला ती ५५ × ४५ × २२.५ इतकी लहान. खालच्या बर्थखाली बॅग आडवी सरकते की नाही हे जाडीच ठरवते. ३० सें.मी. जाडीची फुगलेली हार्ड बॅग तिथे अडकली की रात्रभर पायांत येते. म्हणून रेल्वेला पसरट बॅग घ्या, फुगवायची चेन बंदच ठेवा. बर्थखाली लोखंडी कड्या असतात. साखळी त्यांतून आणि बॅगेच्या बाजूच्या हँडलमधून ओवा. चेनच्या रनरला साखळी लावून उपयोग नाही, रनर उपटला की बॅग मोकळी.

वंदे भारत किंवा जनशताब्दीसारख्या खुर्चीच्या गाड्यांत सामान मुख्यतः डोक्यावरच्या फळीवर जातं. म्हणजे बॅग खांद्याच्या वर उचलायची. तिथे आठ-नऊ किलोवर कुणाचीही परीक्षा होते.

एसटीला डफल, म्हणजे लांबट, मऊ कापडी बॅग सगळ्यात सोयीची. वरच्या रॅकवर ती दाबून बसते, सीटखाली सरकते, मांडीवरही घेता येते. ३५ ते ४५ लिटरची, दोन्ही खांद्यांना पट्टे लावता येणारी घ्या. नुसता एकच तिरका पट्टा असलेली डफल पाच किलोनंतर मान ओढते. चाकांची डफल टाळा. चाकं आणि दांडा मिळून दीड-दोन किलो वाढतात, आणि डफलचा मऊपणा जातो. खासगी स्लीपर बसच्या डिकीत धूळ आणि पावसाळ्यात खालून पाणी येतं, वर दुसऱ्यांच्या गोण्या पडतात. तिथे आत प्लॅस्टिक पिशवी घातलेली जाड कापडी बॅग, आणि खाऊ आपल्याजवळ.

टॅक्सीचाही विचार करा. सीएनजीच्या गाडीत डिकीची बरीच जागा टाकी खाते. चौघं आणि चार हार्ड बॅगा अशी गाडी मिळतच नाही, कॅरिअरवर बांधावं लागतं. दोन हार्ड आणि दोन डफल असं जमवलं तर डफल टाकीच्या आजूबाजूच्या फटींत जातात.

वारी

आळंदी किंवा देहूपासून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्याच्या बॅगा दोन असतात. मोठी दिंडीच्या ट्रकमध्ये, छोटी खांद्यावर. ट्रकमध्ये सामान एकावर एक रचलं जातं, मुक्कामी अंधारात, चिखलात ओढून काढलं जातं. इथे चाकं, दांडा, कडक कवच काही नको. जाड कापडाची, एका तोंडाची बॅग, ४० लिटरपर्यंत. शेकडो काळ्या-निळ्या बॅगांत आपली ओळखू यावी म्हणून भडक रंगाचं फडकं घट्ट शिवा. गाठ सुटते. बॅगेवर ऑइल पेंटने नाव, गाव, फोन आणि दिंडी क्रमांक लिहा, पालखीच्या रथापुढची की रथामागची तेही. नुसत्या क्रमांकाने घोळ होतो, कारण दोन्हीकडे तोच क्रमांक असू शकतो. आत कपड्यांचे जोड वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत. एक पिशवी फुटली तरी बाकीचे कोरडे. खांद्यावरच्या पिशवीत पाणी, औषधं, इरलं किंवा रेनकोट, थोडे पैसे, आधार कार्डाची प्रत. तीन किलोच्या आत. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालताना चौथा किलो जाणवतो.

सह्याद्री, हिमालय

एका दिवसाच्या गडाला २५ ते ३० लिटरची सॅक, मुक्कामाला ४० ते ५०. लिटरपेक्षा पाठीचं माप महत्त्वाचं. मान पुढे झुकवल्यावर सगळ्यात वर येणारं हाड, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत पाठीवर टेप धरून मोजा. सॅकचा कमरेचा पट्टा त्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. भार कमरेवर जाण्यासाठी आधी कमरेचा पट्टा आवळायचा, मग खांद्याचे, मग खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. उलट क्रमाने आवळलं की सगळं ओझं खांद्यांवर राहतं. दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते. आत आठ किलो घालून दहा मिनिटं फिरा.

जड वस्तू पाठीला चिकटून मध्यावर, झोपायची बॅग तळाशी. बाहेर भांडी, चपला लोंबकळवू नका, कातळटप्प्यावर त्या अडकतात. रेनकव्हर सॅकची पाठ झाकत नाही, पाठीवरून ओघळणारं पाणी तिथूनच आत जातं. म्हणून इथेही आत प्लॅस्टिकची पिशवी हवीच. हिमालयातल्या ट्रेकला सामान खेचरावर देणार असाल तर कठीण तळाची बॅग नको, दोरीने आवळता येईल अशी डफल द्या.

लग्न आणि यात्रा कंपनीचा दौरा

लग्नाच्या सामानात वजन साड्यांचं. काठपदराची रेशमी साडी पाऊण ते एक किलोपर्यंत जाते, दहा साड्या म्हणजे चेक-इनचे निदान निम्मे किलो संपले. साड्यांना पसरट हार्ड बॅग चांगली, घड्या मोडत नाहीत. पण सगळं एका बॅगेत घालू नका. मुहूर्ताची साडी, शेला, मुंडावळ्या, दागिने हे हातातल्या बॅगेत. चेक-इनची बॅग एक दिवस उशिरा आली तरी लग्न लागतं.

यात्रा कंपनीच्या बसने रोज नवा मुक्काम असेल तर बॅग रोज उघडावी-मिटावी लागते. इथे वरून उघडणारी सॉफ्ट बॅग हार्डपेक्षा उजवी. आत कपड्यांच्या वेगळ्या कप्प्याच्या पिशव्या भरल्या की शोधाशोध वाचते.

दुकानात काय करायचं

१. उंची चाकांसकट मोजा, तिन्ही बाजूंची बेरीज करा.

२. रिकाम्या बॅगेचं वजन स्वतः घ्या. मध्यम बॅग साडेतीन किलोवर असेल तर का, ते विचारा.

३. दुकानातल्या दुसऱ्या बॅगा आत कोंबून ती जड करा आणि मगच ओढा. रिकामी बॅग सरळ जाते, भरलेली एका बाजूला ओढली गेली तर चाक तिरकं आहे. जमल्यास दुकानाबाहेरच्या फुटपाथवर न्या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

४. हार्ड बॅगेचा कोपरा आणि मधला भाग अंगठ्याने दाबा. परत बाहेर आला पाहिजे. दाबल्या जागी पांढरट रेघ उमटली तर घेऊ नका.

५. एकाच बोटाने रनर चारही कोपऱ्यांतून फिरवा. कोपऱ्यात अडखळला तर भरल्यावर तिथेच फाटणार.

६. आकड्यांचं कुलूप तिथेच बदलून बघा. आधी मूळ आकडा, सहसा ०००, लावायचा, पेनाच्या टोकाने बारीक बटण दाबायचं, नवा आकडा लावायचा, मग कुलपाची कडी एकदा सरकवायची. बटण नकळत दाबलं जाऊन आकडा बदलणं ही नेहमीची तक्रार आहे, म्हणून नवा आकडा लावल्यावर तीनदा उघडून बघा. लाल हिऱ्याच्या खुणेचं टीएसए कुलूप अमेरिकेतल्या तपासनीसांना त्यांच्या किल्लीने उघडता येतं. देशातल्या प्रवासात त्याचा खास फायदा नाही.

७. वॉरंटी कार्ड वाचा. बहुतेक वेळा ती बनवण्यातल्या दोषाला असते, विमानात फुटलेल्या कोपऱ्याला नाही.

बॅगेत बसवलेली बॅटरी असेल तर ती सुटी निघते का बघा. न निघणारी बॅटरी असलेली बॅग चेक-इनला घेत नाहीत. पॉवर बँकही नेहमी हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. मिलीअँपिअर-अवरच्या आकड्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा, २०,००० ची पॉवर बँक ७४ भरते. सुकं खोबरं तेलकट असतं आणि ज्वलनशील मानलं जातं, त्यामुळे परदेशी निघालेल्या लेकराच्या बॅगेतून ते विमानतळावर बाहेर निघतं. किसून, भाजून मसाल्यात घालून पाठवा.

भरताना आणि घरी ठेवताना

चप्पल-बूट, पुस्तकं, डबे चाकांच्या बाजूला. बॅग उभी केल्यावर जड भाग खाली हवा, नाहीतर चार चाकी बॅग तोंडावर पडते. हँडलच्या दोन नळ्यांमधली खोलगट जागा आधी मोजे-बनियन घालून भरा, मग वर सपाट कपडे. जुन्या प्रवासाचे बारकोडचे स्टिकर सोलून टाका, सामान वळवणारं यंत्र तेही वाचू शकतं. नाव-फोनची चिठ्ठी बाहेर लावा आणि एक आतही ठेवा.

निघण्याआधी बॅगेचा बाहेरून आणि उघडून आतून फोटो काढा. पट्ट्यावरून फुटकी बॅग आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच विमान कंपनीच्या खिडकीवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. घरी जाऊन दोन दिवसांनी चाक तुटलेलं दिसलं, तर ते विमानात तुटलं की रिक्षात, हे सिद्ध करणं कठीण.

न वापरताही बॅग खराब होते. चाकांवरचं मऊ पॉलियुरेथेन आणि स्वस्त बॅगांच्या आतला लेप दमट हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतो. चार-पाच वर्षं माळ्यावर पडलेली बॅग काढली आणि चाकाचा भुगा झाला, अस्तर हाताला चिकटलं, असं होतं ते यामुळे. कोकणात आणि मुंबईत हे लवकर होतं. बॅग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, ओल आत कोंडते. जुन्या सुती चादरीत ठेवा, चेन थोडी उघडी, आत वर्तमानपत्र. वर्षातून दोनदा, निदान पावसाळा सरल्यावर, उन्हात नव्हे तर वाऱ्यावर ठेवा आणि चाकं फिरवा. आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, ते कटरने कापून काढा. चाकाला खोबरेल घालू नका, धूळ चिकटून ते आणखी जाम होतं. चेनला मेणबत्ती घासा, जादा मेण फडक्याने पुसून घ्या.